आम्हाला आधी मतदान करू द्या, आणि चिठ्ठ्या सगळ्या मोजा : निवडणूक आयोगाला नाशिकहून खुलं पत्र

प्रति,
मा. भारत निवडणूक आयोग
आणि मा. राज्य निवडणूक आयोग, महाराष्ट्र

स.न.वि.वि.

मी पंचवटीत राहते, मागच्या वर्षी माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले. शिक्षक म्हटलं की इलेक्शन ड्युटी आलीच, तशी मी १९९६ च्या लोकसभेपासून २०२४ च्या विधानसभेपर्यंत करत आले, आधी कागदाच्या मतपत्रिकांवर आणि २००४ ला अख्ख्या देशात लोकसभा ईव्हीएमवर झाली तेव्हापासून मशीनवर. म्हणजे शाईची बाटली, लाख, मेणबत्ती, सुतळी हे पण हाताळलंय आणि कंट्रोल युनिटचं क्लोज बटण पण दाबलंय. दोन्ही माझ्या हातातून गेलंय म्हणून लिहितेय. मागण्या दोनच, ज्याला मतदानाच्या दिवशी बूथवर येता येत नाही त्याला काही दिवस आधी मत द्यायची सोय द्या, आणि ईव्हीएमला जोडलेलं व्हीव्हीपॅट प्रत्येक मताची जी चिठ्ठी छापतं त्या चिठ्ठ्या सगळ्या मोजा.

सध्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर एकच भांडण चालू आहे, बॅलेट पेपर परत आणा विरुद्ध मशीनच बरं. डिसेंबर २०२४ ला माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी गावातच मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं, ते पोलिसांनी होऊ दिलं नाही, तेव्हापासून तर भांडण आणखी वाढलं. पण या सगळ्या भांडणात एक माणूस कुठेच नाही, तो म्हणजे ज्याला त्या दिवशी बूथवर येताच आलं नाही. त्याला कागद काय नि मशीन काय.

आधी माझंच सांगते. २०२४ ला लोकसभेला नाशिकचं मतदान २० मेला होतं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला, आणि दोन्ही वेळा मी त्या तारखेच्या काही दिवस आधीच मत देऊन मोकळी झाले होते. ट्रेनिंगच्या ठिकाणीच सुविधा केंद्र होतं, तिथे मतपत्रिका घेतली, आडोशाला जाऊन खूण केली, छोट्या पाकिटात घातली, घोषणापत्रावर सही केली, समोरच्या राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलं, मोठ्या पाकिटात सगळं घातलं आणि पेटीत टाकलं. दहा पंधरा मिनिटं लागली. याला बाहेरच्या देशात अर्ली व्होटिंग म्हणतात आणि आपल्याकडे अशी काही सोय नाही असं लोक म्हणतात, पण आहे ना, आम्हा कर्मचाऱ्यांना आहे, सैन्यातल्यांना आहे, ८५ वर्षांच्या पुढच्यांना आणि ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व असलेल्यांना घरी आहे, काही अत्यावश्यक सेवांना आहे. नाही ती फक्त बाकीच्यांना.

हे सुविधा केंद्रात टाकायचं बंधन पण २०२३ च्या नियमबदलानंतर आलं, त्याच्या आधी मतपत्रिका घरी यायची आणि आपण पोस्टाने पाठवायची. माझी एका निवडणुकीत मतमोजणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आली. मी ते पाकीट न फोडताच बरेच दिवस कपाटात ठेवलं होतं. चारशे साडेचारशे लोकांचं मतदान करवून घेतलं त्या दिवशी मी, प्रत्येकाच्या बोटाला शाई लावली, आणि माझं स्वतःचं मत कुठेच गेलं नाही. ती गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून ज्याचं मत दर वेळी असंच राहतं त्याच्याबद्दल मला बोलायचंय.

नाशिकजवळ गिरणारेला सकाळी सहाला या कधी. मजुरांचा नाका भरतो तिथे, पेठ, हरसूल, सुरगाण्याकडची माणसं, बायका डबा घेऊन उभ्या असतात, टोमॅटोला नाहीतर द्राक्षाला जायचं असतं. त्यातले बरेच सीझनभर निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडे मळ्यातच राहतात. आता नोव्हेंबरचा विचार करा, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झालेली, फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढायची, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवायचे, विरळणी, एक दिवस थांबलं तर घड हातचा जातो. माझ्या एका विद्यार्थिनीची आई निफाडकडे मळ्यावर टोळीत होती, नाव यादीत पेठ तालुक्यातल्या गावाला. मी विचारलं मतदानाला जाणार का, तर म्हणाल्या, बाई, जायला एक दिवस यायला एक दिवस, दोन दिवसाची मजुरी आणि वर गाडीभाडं, आणि मुकादम म्हणतो गेली तर दुसरी लावतो. कायद्यात पगारी सुट्टी आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब, रोजंदारीवाल्यालाही लागू आहे असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात, पण उक्त्यावर काम करणाऱ्या टोळीला ती सुट्टी कोण देणार आणि त्या मागणार कोणाकडे. अंबड सातपूरच्या कारखान्यांत कंत्राटी पोरं तिन्ही पाळ्यांत आहेत, त्यांचंही तेच. टँकर, ट्रकवाले त्या दिवशी कुठल्या राज्यात असतील ते त्यांनाही आधी सांगता येत नाही. आणि मग निकालानंतर पेपरात येतं की नाशिककर मतदानाला उदासीन, लोकसभेला साठ टक्क्यांच्या आसपासच मतदान झालं. उदासीन असतील काही, सगळे नाहीत हो.

तुम्ही म्हणाल कायद्यात बसत नाही. बसतं. त्याच कायद्याच्या कलम ६० मध्ये क पोटकलम आहे, त्यात आयोग सरकारशी सल्लामसलत करून कुठलाही वर्ग अधिसूचित करू शकतो ज्याला टपाली मतदान करता येईल, आणि ज्येष्ठांचं गृहमतदान २०१९ ला याच वाटेने आलं. तोपर्यंत तेही बसत नाही असंच वाटत होतं. मग हंगामी स्थलांतरित मजूर हा वर्ग का होऊ शकत नाही? तुम्ही स्वतः जानेवारी २०२३ ला रिमोट व्होटिंग मशीन, म्हणजे गावापासून दूर असतानाही मत देता येईल असं मशीन, सगळ्या पक्षांना दाखवायला बोलावलं होतं, एका मशीनवर ७२ मतदारसंघांची सोय असलेलं, म्हणजे हा प्रश्न तुम्हाला पण पटलेला आहे. पक्षांनी विरोध केला आणि विषय थांबला. माझं म्हणणं आहे त्याला इतकं मोठं मशीन नकोच, साधी गोष्ट करा, उमेदवारी मागे घ्यायच्या शेवटच्या तारखेपासून मतदानापर्यंत कायद्याने निदान चौदा दिवस असतातच, त्यातले शेवटचे चार पाच दिवस तालुक्याच्या ठिकाणी एक केंद्र उघडं ठेवा, सकाळी सात ते रात्री नऊ. पेठची बाई बाजाराला, दवाखान्याला कधीतरी पेठला जातेच, त्या दिवशी मत देऊन येईल.

आता खरा प्रश्न, ते मत द्यायचं कशावर. टपालीसारखं कागदावर की मशीनवर. इथे मला दोन्ही बाजूंना दुखवावं लागणार आहे.

कागदावाल्यांना आधी. १९९६ ला दिंडोरी तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत मी मतदान अधिकारी होते. निरक्षर माणसाचा अंगठा आम्ही मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर घ्यायचो, मग त्याच्या हातात मतपत्रिका आणि बाणाच्या फुलीचा रबरी शिक्का द्यायचो. आता ज्याला आत्ताच अंगठा लावायला सांगितलाय तो आत जाऊन काय करणार? अंगठाच लावणार. शिक्का तसाच परत आणून द्यायचे लोक, कोरा. ते मत बाद. कोणी दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर शिक्का मारायचं, कोणी आपल्या माणसावर मारायचं आणि राग म्हणून दुसऱ्यावरही, तेही बाद. उभी घडी आधी आणि आडवी नंतर असं आम्ही प्रत्येकाला करून दाखवायचो, नाहीतर ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटायची. आणि त्याच वर्षी तमिळनाडूत मोडाकुरिचीला एका जागेला १,०३३ उमेदवार होते, मतपत्रिका नाही तर पुस्तकच छापावं लागलं. मशीनवर बाद मत ही गोष्टच राहिली नाही, आणि गरिबाच्या, न शिकलेल्याच्या बाजूने बघितलं तर मला ही फार मोठी गोष्ट वाटते. बूथवर दादागिरी करून गठ्ठाच्या गठ्ठा शिक्के मारून पेटीत कोंबायचे प्रकार पूर्वी देशभर गाजायचे, मशीन मिनिटाला चारपेक्षा जास्त मतं घेतच नाही, तोपर्यंत पोलिस पोचतात.

आणि कागद अजून गेलेला नाही हे पण विसरतो आपण. आमचा नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघ, पाच जिल्ह्यांचा, २६ जून २०२४ ला मतपत्रिकेवरच मतदान झालं, जांभळ्या स्केचपेनने नावापुढे १, २, ३ लिहायचं, १ जुलैला मोजणी सुरू झाली ती रात्रभर चालली. मतदार सगळे शिक्षक, आयुष्यभर पोरांना उत्तरपत्रिका कशी लिहायची ते शिकवणारे, तरी त्यात बाद मतं निघतातच. टपालीत तर पाकिटात पाकीट, घोषणापत्र आत राहिलं बाहेर राहिलं, साक्षांकन विसरलं, की गेलं मत, खूण कितीही बरोबर असू द्या. हे गिरणारेच्या नाक्यावरच्या माणसाला करायला लावणार का आपण? आणि या मतांनी फरक पडत नाही असं कोणी म्हणू नये. आमच्याच जिल्ह्यात मालेगाव मध्यला २०२४ च्या विधानसभेत निकाल १६२ मतांनी लागला, आणि त्याच वर्षी मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा फक्त ४८ मतांनी.

आता मशीनवाल्यांना, आणि हे तुम्हालाही, कारण तुमचं उत्तर नेहमी एकच असतं की मशीन सुरक्षित आहे. मला वाटतं आहे. मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान होतं, एजंटांसमोर निदान ५० मतं टाकून मोजून दाखवतो आम्ही, मग पुसून सील करतो, शेवटी १७ क नमुन्यात पडलेल्या मतांचा आकडा भरून एजंटांना प्रत देतो. मी माझ्या बूथवर एकदाही आकडा चुकलेला पाहिला नाही. पण प्रश्न माझ्या विश्वासाचा नाहीये. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २००९ ला तिथली मशीन बाजूला ठेवायला लावली, ती त्यात गडबड झाली म्हणून नाही, तर निकाल बरोबर आहे का हे साध्या नागरिकाला कुठल्या तज्ज्ञाशिवाय स्वतः तपासता आलं पाहिजे आणि त्या मशीनमध्ये ते येत नव्हतं म्हणून. त्यांच्या मशीनला आपल्यासारखी चिठ्ठी नव्हती. आपल्याकडे चिठ्ठी आहे! २०१३ ला नागालँडच्या नोकसेनला पहिल्यांदा व्हीव्हीपॅट लागलं, २०१९ पासून लोकसभेला सगळीकडे. सात सेकंद काचेतून चिठ्ठी दिसते, मग डब्यात पडते. म्हणजे प्रत्येक मताचा कागद आपण छापतोय, सांभाळतोय, आणि मोजत मात्र नाही. एका विधानसभेत फक्त पाच मशीनच्या चिठ्ठ्या मोजतात. २०२४ च्या एप्रिलला सुप्रीम कोर्टाने शंभर टक्के मोजणीची मागणी फेटाळली, बॅलेट पेपरची पण फेटाळली, ते मला माहीत आहे, कोर्टाचा मान आहेच. पण कोर्टाने सक्ती केली नाही म्हणून आयोगाने स्वतःहून करायचं नाही असं तर कुठे म्हटलेलं नाही ना.

वेळ जाईल म्हणता. हिशोब करू. एका मतदारसंघात समजा ३५० बूथ, चिठ्ठ्यांच्या एका डब्याला साधारण तास, १४ टेबलं लावली तर २५ तास. टेबलं दुप्पट केली तर १३ तास. मतदान झाल्यावर तीन दिवस मशीन नुसती पडून असतात विधानसभेला, लोकसभेला आमचं २० मेचं मतदान ४ जूनला मोजलं, पंधरा दिवस. त्यात एक दिवस चिठ्ठ्यांना द्यायला काय हरकत आहे? आम्ही शिक्षक आहोत मोजायला. दहावीचे गठ्ठे तपासतो आम्ही, चिठ्ठ्या मोजता येतील.

आणि या सगळ्याचा आधी मतदानाशी संबंध असा, की चार दिवस आधीचं मत म्हणजे मशीन चार दिवस जास्त सीलबंद खोलीत, स्ट्राँगरूममध्ये. २०२५ च्या डिसेंबरात काय झालं आठवा. नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबरला झालं, काही ठिकाणचं पुढे ढकललं म्हणून कोर्टाच्या आदेशाने सगळीच मोजणी २१ डिसेंबरला गेली. एकोणीस दिवस कार्यकर्ते थंडीत स्ट्राँगरूमबाहेर पहाऱ्याला बसले, आत कॅमेरे, बाहेर पोलिस, तरी लोकांना झोप नाही. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना तपासायला काहीच हातात नव्हतं, कारण नगरपरिषदेच्या मशीनला व्हीव्हीपॅट नसतं. म्हणून आधी मतदान आणायचं असेल तर मोजलेली चिठ्ठी हवीच, नाहीतर चांगल्या सोयीवर पहिल्या दिवसापासून संशय बसेल, आणि मग ती सोय पण जाईल.

राज्य निवडणूक आयोगाला इथे वेगळं सांगायचंय. १५ जानेवारीला नाशिक महापालिकेचं मतदान झालं, मी पहिल्यांदा ड्युटीशिवाय नुसती मतदार म्हणून रांगेत उभी होते. २०१७ नंतर थेट २०२६, मुदत २०२२ लाच संपली होती, आणि एवढ्या वर्षांनी मिळालेल्या त्या मताला चिठ्ठी नाही. बहुसदस्य प्रभागात चार मतं द्यायची म्हणून व्हीव्हीपॅट जमत नाही असं तुमचं म्हणणं. पण आजी आजोबा चार रंगांच्या चार जागा शोधत मशीनसमोर गोंधळून उभे होते, चौथं बटण दाबल्याशिवाय आवाज येईना, एक बाई तर तीन दाबून बाहेर यायला निघाल्या. जिथे मतदाराला सगळ्यात जास्त खात्रीची गरज तिथेच काही दिसत नाही. विधानसभेच्या मशीनला जे २०१३ ला जमलं ते चार मतांच्या मशीनसाठी तयार करून घ्या, मशीन बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या, बीईएल आणि ईसीआयएल, सरकारीच आहेत.

अमेरिकेचं उदाहरण लोक दोन्ही बाजूंनी देतात म्हणून थोडं. तिथे बऱ्याच राज्यांत मतदानाच्या दिवसाआधी जाऊन मत देता येतं, आणि बहुतेक ठिकाणी मतदार कागदावरच खूण करतो आणि स्कॅनर मोजतो. म्हणजे कागद आणि मशीन दोन्ही. कोलोरॅडोत २०१७ पासून मोजणीनंतर काही कागद चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडून हाताने ताडून बघतात, उमेदवारांमधलं मतांचं अंतर कमी तेवढे जास्त कागद. नुसत्या कागदाने सुटत नाही हे त्यांना पण २००० साली फ्लोरिडात कळलं, छिद्र पाडायच्या कार्डांवरून महिनाभर वाद आणि शेवटी अध्यक्षपद ५३७ मतांच्या फरकाने. आपल्याकडे मशीन आहे आणि कागदही आहे, फक्त दोघांची गाठ पाच बूथवरच घालून देतो आपण.

एक बारीक गोष्ट राहिली पण ती माझ्या दृष्टीने मोठी आहे. चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं अशी तक्रार मतदाराने केली तर आम्ही त्याला आधी लेखी घोषणापत्र द्यायला लावतो आणि खोटं निघालं तर शिक्षा होईल असं वाचून दाखवतो, नियम ४९ एमए. मी ते वाचायला सुरुवात केली की समोरचा माणूस, राहू द्या मॅडम, म्हणून निघून गेलेला मी स्वतः पाहिलाय. त्याचं खरं होतं की त्याची नजर चुकली होती हे आता कोणालाच कळणार नाही, पण तो बाहेर जाऊन शंभर लोकांना काय सांगणार? खोडसाळपणाला शिक्षा ठेवा, पण साध्या शंकेला आधी चाचणी मत, मग कागदपत्र, असं करा.

आधी मतदान दिलं तर पैसे वाटणाऱ्यांना चार दिवस जास्त मिळतील अशी भीती मला माझ्या मिस्टरांनीच घातली. खरी आहे भीती. पण पैसे वाटणारा कुठे एका दिवसाची वाट बघतो, आणि केंद्र तालुक्याला, कॅमेऱ्यात, सगळ्या पक्षांचे एजंट बसलेले असेल तर एकेकाला गाठून मोजणं त्यालाही अवघड जाईल. मत दिलेल्याचं नाव लगेच मूळ बूथच्या यादीत खूण होऊन गेलं पाहिजे, म्हणजे दुसऱ्यांदा कोणी उभं राहणार नाही, जसं आज टपालीवाल्याच्या नावापुढे करतो तसंच. आणि ही मतं वेगळी जाहीर करू नका, बाकीच्यांत मिसळूनच मोजा, नाहीतर कुठल्या मळ्यावरच्या टोळीने कोणाला दिलं ते मुकादमाला कळेल.

माझ्या सासूबाई ८८ वर्षांच्या आहेत. २०२४ ला त्यांनी १२ ड हा अर्ज भरून घरूनच मत दिलं, टीम आली, कॅमेरावाला, पोलिस, पुठ्ठ्याचा आडोसा करून दिला, अगदी आदराने सगळं झालं, त्या मुलांचे मी मनापासून आभार मानले. सगळे गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, अगं आवाज नाही आला, गेलं का माझं मत? मी म्हटलं कागदावर आहे आई, याला आवाज नसतो, गेलं. त्यांनी परत विचारलं, तुला कसं माहीत? मला यावर खात्रीचं उत्तर देता आलं नाही, तीस वर्षांच्या जवळपास ड्युटी करून.

पुढच्या निवडणुकीच्या तारखा ठरवायच्या आधी तुमच्यापैकी कोणी अधिकारी नाशिकला येणार असतील तर एक दिवस आधी या. मी पहाटे साडेपाचला पंचवटी कारंजावर उभी राहीन, तिथून गिरणारे अर्ध्या तासावर आहे. सहाला नाका भरतो, साडेसातपर्यंत सगळे गाड्यांत बसून गेलेले असतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि मतदार,
पंचवटी, नाशिक